पहिल्यांदाच बर्फात ट्रेकला जाताय? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी हिमस्खलन आणि हिवाळी हवामानाची तयारी

दिवाळी आटोपली की आमच्या ठाण्यातल्या ट्रेकिंग ग्रुपवर केदारकंठा, ब्रह्मताल, कुआरी पास ही उत्तराखंडातल्या बर्फातल्या ट्रेकची नावं फिरू लागतात. विचारणारे बहुतेक जण माहुली, गोरखगड, हरिश्चंद्रगड करून आलेले असतात. पाय तयार असतात, सॅक घेऊन चालायची सवय असते. प्रश्न येतात ते जॅकेटचे, बुटांचे, तंबूतल्या थंडीचे. उतारावरचा बर्फ कधी आणि कसा सुटतो, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. उत्तरकाशीला बेसिक माउंटेनियरिंग कोर्स केल्यापासून मी ओळखीतल्या नवख्यांना तयारी करून देते. त्यांना सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

१. आधी दिवस मोजा, मग ट्रेक निवडा

पुढची सगळी माहिती या पहिल्या पायरीवर अवलंबून आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

नोकरी करणारा माणूस एका शनिवारी निघतो आणि पुढच्या रविवारी परत येतो. ठाण्याहून डेहराडूनला पोहोचण्यात एक-दीड दिवस जातो. डेहराडून ते सांकरी (केदारकंठ्याच्या पायथ्याचं गाव) सुमारे २०० किलोमीटर, पण डोंगरी रस्ता असल्याने अख्खा दिवस लागतो. मग चार-पाच दिवसांचा ट्रेक आणि तसाच परतीचा प्रवास. हिशेब बरोबर बसतो, फक्त त्यात हवामानासाठी एकही दिवस उरत नाही.

जोरदार बर्फ पडल्यानंतरचे २४ ते ४८ तास उतारांवर सर्वांत धोक्याचे असतात. या काळात खाली थांबणं हा नवख्याच्या हातातला सर्वांत भरवशाचा उपाय आहे. पण परतीचं तिकीट उद्याचं असेल तर कोणी थांबत नाही. गाइडवर दबाव येतो, ग्रुपमधले चार जण ‘एवढ्या लांब आलोय’ म्हणतात आणि सगळे नेमक्या नको त्या दिवशी चढायला लागतात. म्हणून किमान एक, शक्यतो दोन दिवस रिकामे ठेवा. तेवढी रजा मिळत नसेल तर लहान ट्रेक निवडा. हवामान चांगलं राहिलं तर ते दिवस डेहराडूनला किंवा ऋषिकेशला छान जातात.

२. ट्रेकची निवड

पहिल्या वेळी जंगलातून आणि रुंद धारेवरून (डोंगराच्या कण्यावरून) जाणारी वाट निवडा. दयारा बुग्याल, नागटिब्बा, ब्रह्मताल यांचा बराचसा भाग असा आहे. केदारकंठाही लोकप्रिय आहे, पण त्याची माथ्याकडची शेवटची चढण उघडी आणि उभी आहे. ताजा बर्फ असेल तर तिथूनच मागे फिरायची मनाची तयारी हवी. अरुंद दरीच्या तळातून जाणारे आणि दोन्ही बाजूंना उभे, झाडं नसलेले उतार असणारे ट्रेक पहिल्या हिवाळ्यात नकोत.

‘हा ट्रेक सोपा आहे’ असं वाचाल, तेव्हा ते दमछाकीबद्दल लिहिलेलं असतं, हे ध्यानात ठेवा. चालायला सोप्या वाटेच्या वर धोकादायक उतार असू शकतो.

३. हवामान वाचायला शिका

उत्तराखंड आणि हिमाचलमध्ये हिवाळ्यात बर्फ आणतात ते पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेल्या या हवामान प्रणाली इराण, अफगाणिस्तान ओलांडून येतात आणि वाटेत कॅस्पियन व अरबी समुद्राकडून बाष्प घेतात. डिसेंबर ते मार्च या काळात महिन्याला साधारण चार ते सहा विक्षोभ येतात. सगळेच जोरदार नसतात, पण तुमच्या आठ-नऊ दिवसांत एखाद्याशी गाठ पडणं अगदी शक्य आहे.

निघण्याआधी आठवडाभर दोन ठिकाणं रोज बघा.

पहिलं, भारतीय हवामान विभागाचा जिल्हावार अंदाज. उत्तराखंडसाठी डेहराडूनचं आणि हिमाचलसाठी शिमल्याचं हवामान केंद्र तो देतं. ट्रेक कुठल्या जिल्ह्यात आहे ते आधी शोधून ठेवा: केदारकंठा उत्तरकाशीत, ब्रह्मताल आणि कुआरी पास चमोलीत.

दुसरं, डीजीआरई या संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा. डीआरडीओची, म्हणजे संरक्षण संशोधन खात्याची, ही चंडीगडची संस्था. हिमस्खलनाचा अभ्यास करणारी पूर्वीची ‘सासे’ ही संस्था २०२० मध्ये हिच्यात विलीन झाली. इशारा जिल्हावार असतो आणि किती मीटरच्या वर धोका आहे तेही त्यात असतं. धोक्याच्या पाच पातळ्या आहेत, एक म्हणजे कमी आणि पाच म्हणजे अतितीव्र.

इथे नवख्यांची एक गल्लत हमखास होते. हवामान विभागाचा पिवळा किंवा नारिंगी रंग पाऊस-बर्फ-वाऱ्यासाठी असतो. हिमस्खलनाची पातळी वेगळी. आकाश निरभ्र, हवामान विभागाचा रंग हिरवा, आणि तरी हिमस्खलनाची पातळी तीन, असं होऊ शकतं, कारण बर्फ कालच पडून गेलेला असतो. तीन हा आकडा मधला वाटतो म्हणून लोक निर्धास्त होतात. आल्प्समध्ये हिमस्खलनाचे सर्वाधिक बळी तिसऱ्या पातळीच्या दिवशी गेल्याचं तिथल्या नोंदी सांगतात. नवख्यांनी तीनच्या दिवशी उभ्या उतारांपासून लांबच राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

इशारा किती गांभीर्याने घ्यायचा, याचं उदाहरण फार जुनं नाही. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी चमोलीतल्या माणा गावाजवळ सीमा सडक संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन आलं. ५४ कामगार सापडले, त्यातले ८ दगावले. चमोलीसह काही जिल्ह्यांत २,४०० मीटरच्या वर हिमस्खलनाचा इशारा आदल्या संध्याकाळीच दिला गेला होता. माणा सुमारे ३,२०० मीटरवर आहे. ते कामगार तिथे नोकरीसाठी होते, त्यांच्या हातात फारसं काही नव्हतं. आपण हौसेने जातो, जायचं की नाही ते आपल्या हातात असतं.

मोबाइलवर दिसणारं तापमान गावाचं असतं, माथ्याचं नसतं. दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. सांकरी सुमारे १,९५० मीटरवर आणि केदारकंठा ३,८०० मीटरवर. म्हणजे सांकरीत २ अंश असतील तर माथ्यावर उणे १० च्या आसपास. त्यात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे २० इतकं जाणवतं. आपल्याकडे पारा १६ वर आला की स्वेटर बाहेर निघतात, हे लक्षात घेऊन कपडे भरा.

४. बर्फ का सुटतो

हिवाळाभर बर्फ थराथराने साठतो आणि प्रत्येक थर वेगळा असतो. कधी थंड, कोरड्या हवेत खालच्या थराचे दाणे मोठे, कोनदार आणि सुटे होतात, एकमेकांना धरून राहत नाहीत. त्यावर नव्या बर्फाचा किंवा वाऱ्याने आणून टाकलेल्या बर्फाचा घट्ट थर बसतो. हा वरचा थर म्हणजे स्लॅब. उतारावर कोणी पाऊल टाकलं की खालचा कमकुवत थर खचतो, ती फूट क्षणात सगळीकडे पसरते आणि अख्खा स्लॅब एकदम निसटतो. ज्यांचा जीव जातो त्यांच्यावर आलेलं हिमस्खलन बहुतेक वेळा त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातल्या कोणी सुटं केलेलं असतं. म्हणूनच आपण काय करतो याने खूप फरक पडतो.

धोका वाढवणाऱ्या गोष्टी चार: एका दिवसात ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त नवा बर्फ, जोराचा वारा, तापमानात झपाट्याने वाढ, आणि बर्फावर पडलेला पाऊस. यातला वारा लोक विसरतात. बर्फ पडत नसला तरी वारा एका बाजूचा बर्फ उचलून धारेपलीकडच्या आडोशाच्या उतारावर टाकत असतो, आणि तिथे काही तासांत जाड स्लॅब तयार होतो.

४८ तास थांबलो म्हणजे सगळं निर्धोक, असंही समजू नका. सुट्या दाण्यांचा थर खोल गाडलेला असेल तर तो कित्येक आठवडे कमकुवत राहू शकतो. म्हणून पुढच्या खुणा वाटेत सतत शोधायच्या:

- आसपासच्या उतारांवर नुकतंच हिमस्खलन झालेलं दिसणं
- चालताना पायाखालचा बर्फ ‘धप्’ असा आवाज करून खचणं
- पावलापासून पुढे बर्फात तडा धावत जाणं

यातली एक जरी खूण दिसली तरी त्या दिवशी उभ्या उतारावर जायचं नाही. यावर ग्रुपमध्ये मतदान घेऊ नका.

हा फक्त जानेवारी-फेब्रुवारीचा प्रश्न आहे, असंही नाही. द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर ४ ऑक्टोबर २०२२ रोजी नेहरू पर्वतारोहण संस्थेच्या प्रगत कोर्सची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि २७ जणांचे मृतदेह मिळाले, दोघं बेपत्ता राहिले. सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर ४ एप्रिल २०२३ रोजी ७ पर्यटकांचा जीव गेला. त्यातले कोणी गिर्यारोहण करत नव्हते, रस्त्यालगतच्या बर्फात उतरले होते. गाडी थांबवून बर्फात खेळायला उतरताना वरच्या उताराकडे बघणं ट्रेक न करणाऱ्यांनाही लागू आहे. घरच्या मंडळींना हे जरूर सांगा.

५. उतार ओळखायची सवय ठाण्यातच लावा

स्लॅब सुटतात ते मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर. यापेक्षा उभ्या उतारावर बर्फ फारसा साठत नाही, कमी उतारावर सहसा सरकत नाही. त्यामुळे ३० अंश नजरेने ओळखता येणं ही सर्वांत उपयोगी कला आहे.

तुमच्या इमारतीचा जिना बघा. पायरी १५ सेंटीमीटर उंच आणि २५ सेंटीमीटर रुंद असेल तर तो जिना ३१ अंशांचा झाला. आता मोबाइलवर कोन मोजणारं ॲप घ्या, येऊरच्या किंवा खारघरच्या टेकडीवर जा, ट्रेकिंग पोल उतारावर आडवा ठेवा, त्यावर फोन ठेवून कोन वाचा. आधी अंदाज करायचा, मग मोजायचं. माहुलीच्या वाटेवर हा खेळ केला तर दोन-तीन फेऱ्यांत नजर बसते.

हे शिकताना सह्याद्रीच्या काही सवयी बाजूला ठेवाव्या लागतात.

सह्याद्रीत आपण नाळेतून चढतो. कातळ टाळून वर नेणारी ती हक्काची वाट. बर्फात नाळ आणि घळ हे सापळे आहेत. वरचा सगळा बर्फ तिथेच येतो आणि थोडासा आला तरी माणूस खोल गाडला जातो. बर्फात धार बरी, फक्त धारेच्या कडेवर वाऱ्याने बनलेलं बर्फाचं छज्जं असू शकतं. ते खालून पोकळ असतं, त्यामुळे कडेपासून बरंच आत चालायचं.

सह्याद्रीत पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकणं शहाणपणाचं असतं. बर्फात वीस जणांचे ठसे दिसले तरी उतार सुरक्षित ठरत नाही. एकविसाव्याचा पाय थर पातळ असलेल्या जागी पडू शकतो.

आणि पायाखालची जमीन सपाट आहे एवढ्याने भागत नाही. हिमस्खलन दरीच्या सपाट तळावर दूरवर येतं. तंबू लावताना वर काय आहे ते बघा. जंगलात झाडं वाचता येतात: दाट, जुना देवदार किंवा खर्सू (हिमालयातला ओक) असेल तर बरं. जंगलात मधूनच वरपासून खालपर्यंत झाडं नसलेला पट्टा, उताराकडच्या बाजूच्या फांद्या तुटलेली खोडं, खालच्या दिशेने वाकलेली भोजपत्राची रोपं दिसली, तर ती हिमस्खलनाची नेहमीची वाट आहे. तिथे फोटोसाठीही थांबू नका.

६. आयोजकाला पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

- हिमस्खलनाचा इशारा रोज कोण बघतं? नेटवर्क नसलेल्या मुक्कामी तो कसा कळतो?
- माथ्याचा दिवस रद्द करायचा अधिकार कोणाला? गाइडला की ऑफिसला?
- गाइडने बेसिक किंवा प्रगत कोर्स, शोध आणि बचावाचं प्रशिक्षण, प्रथमोपचार यातलं काय केलं आहे?
- हवामानामुळे थांबावं लागलं तर जादा दिवसाचे पैसे कसे?
- बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आहे का? किती जणांकडे?
- ऑक्सिजन सिलिंडर आणि स्ट्रेचर कुठल्या मुक्कामी असतं?

‘माथा शंभर टक्के’ असं सांगणाऱ्याकडे जाऊ नका. शेवटच्या क्षणी ट्रेक रद्द करणाऱ्या आयोजकांवर लोक रागाने वाईट शेरे लिहितात. मी उलट असे शेरे शोधते. हवामान बघून मागे फिरवणारा आयोजक मला जास्त भरवशाचा वाटतो.

७. सामान

- तीन थर: घाम शोषून न धरणारा आतला, लोकर किंवा फ्लीसचा मधला, वारा-पाणी अडवणारा बाहेरचा. जीन्स आणि सुती बनियन घरीच ठेवा, भिजलेलं सूत अंगातली ऊब काढून घेतं.
- जाड हातमोजे आणि आत पातळ मोजे, कान झाकणारी टोपी, लोकरीचे पायमोजे तीन जोड.
- घोट्याच्या वर येणारे, पाणी न शिरणारे बूट. निघण्याआधी महिनाभर वापरलेले.
- गेटर्स (बुटात बर्फ शिरू न देणारं पोटरीवरचं आवरण) आणि मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायच्या दात्यांच्या साखळ्या). सांकरी किंवा ब्रह्मतालच्या पायथ्याच्या लोहाजंगला भाड्याने मिळतात. पट्टे आणि साखळ्या तपासून घ्या.
- अतिनील किरण अडवणारा गडद गॉगल, कडेने झाकणारा. बर्फावरून परावर्तित उजेडाने डोळे सुजतात आणि काही काळ दिसत नाही.
- हेडटॉर्च, जादा सेल, पॉवर बँक. रात्री हे सगळं स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, थंडीत बॅटरी उतरते.
- पाण्याची बाटली. रात्री उलटी ठेवा, बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो आणि तोंड मोकळं राहतं.

बीकनबद्दल वेगळं सांगते. हे ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडणारं छोटं यंत्र, गाडलेल्या माणसाचा ठाव लागतो. पण ते प्रत्येकाकडे हवं, सोबत प्रोब आणि फावडं हवं, आणि वापराचा सराव हवा. तिन्हींतलं एक नसेल तर बाकीच्या दोघांचा उपयोग फार थोडा. शोध घेताना मोबाइल बीकनपासून किमान ५० सेंटीमीटर दूर ठेवायचा, एरवी २०.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेला सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर बरोबर नेऊ नका. परवानगीशिवाय अशी उपकरणं बाळगणं भारतात बेकायदा आहे. विमानतळावर सापडल्याने लोकांना अटक झाली आहे.

८. कागदपत्रं

- आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र, मूळ आणि दोन झेरॉक्स
- एमबीबीएस डॉक्टरचं वैद्यकीय प्रमाणपत्र
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- आयोजकाचं भरलेलं हमीपत्र
- वनखात्याचा परवाना. केदारकंठा आणि हर की दून गोविंद अभयारण्याच्या परिसरात येतात. परवाना सहसा आयोजक काढतो, पण तुमचं नाव त्यात आहे ना ते बघा.
- विम्याची प्रत. साहसी खेळ वगळलेले आहेत का आणि किती उंचीपर्यंत संरक्षण आहे, ते कलम स्वतः वाचा.

काश्मीर किंवा लडाखला जात असाल तर पोस्टपेड सिम लागतं, बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिम तिथे चालत नाहीत. सांकरीकडे जाताना रोख पैसे वाटेतल्या पुरोला गावातच काढून घ्या.

९. प्रत्यक्ष वाटेवर

पहाटे निघा. ऊन लागलं की बर्फ ओला आणि जड होतो, विशेषतः दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर. दुपारनंतर असे उतार ओलांडू नका.

संशयास्पद पट्टा ओलांडावाच लागला तर एका वेळी एकानेच जायचं. बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभं राहून त्याच्यावर नजर ठेवायची. सॅकचे छातीचे आणि कमरेचे पट्टे सोडायचे, काठीचे पट्टे मनगटातून काढायचे. पट्ट्याच्या मध्ये कोणी थांबायचं नाही.

आकाश निळंशार आणि झाडांवर ताजा बर्फ, अशी सकाळ बर्फवृष्टीनंतर लगेच येते. सगळ्यांचे पाय तेव्हाच वर ओढतात. पहिल्या पायरीतला रिकामा दिवस याच सकाळसाठी ठेवला होता.

मुक्कामावरचा एक धोका दर हिवाळ्यात जीव घेतो: बंद तंबूत स्टोव्ह किंवा बंद खोलीत कोळशाची शेगडी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. कितीही थंडी वाजली तरी नाही म्हणजे नाही.

उंचीबद्दल थोडक्यात. साधारण २,५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं सुरू झालं तर आणखी वर झोपायला जायचं नाही. तोल जाणं, असंबद्ध बडबड, बसल्या जागी धाप लागणं दिसलं तर रात्र असली तरी खाली उतरवायचं. डायमॉक्स हे उंचीच्या त्रासावरचं औषध डॉक्टरला विचारूनच घ्या.

बधिर, पांढरी पडलेली बोटं बर्फाने किंवा हाताने चोळू नका. पुन्हा गोठायची शक्यता असेल तर ऊबही देऊ नका, आधी खाली उतरा.

१०. कोणी बर्फात सापडलं तर

स्वतः सापडलात तर ओरडा, कडेला निसटायचा प्रयत्न करा, काठ्या सोडा, झाड किंवा खडक हाती आला तर धरा. वेग कमी होऊ लागला की हात तोंडासमोर आणून श्वासाला पोकळी करा. थांबल्यावर बर्फ इतका घट्ट होतो की बोटही हलत नाही.

बाहेर असाल तर माणूस शेवटचा कुठे दिसला ती जागा नजरेत पक्की धरा. वरून आणखी बर्फ येणार नाही ना ते बघा आणि त्या जागेपासून खालच्या दिशेने लगेच शोध सुरू करा. पहिल्या १० ते १५ मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात, नंतर शक्यता झपाट्याने घसरते. म्हणून सगळ्यांनी मदत आणायला धावायचं नाही. मदत पोहोचायला तास लागतात, जीव वाचवणारे तुम्हीच असता.

११. घरी काय देऊन जायचं

आई-बाबांना किंवा ठाण्यातल्या एखाद्या मित्राला एक कागद लिहून द्या: रोजच्या मुक्कामाचं नाव, आयोजक आणि गाइडचा नंबर, जवळचं पोलीस ठाणं, तुमचा रक्तगट, विम्याचा नंबर, आणि कोणत्या तारखेपर्यंत फोन आला नाही तर विचारपूस सुरू करायची ती तारीख. ही तारीख ठरवताना रिकामे दिवस धरा, नाहीतर तुम्ही खाली सुखरूप थांबलेले असताना इकडे घर हवालदिल होतं. आपत्कालीन नंबर ११२, राज्य आपत्ती कक्षासाठी १०७० आणि जिल्ह्यासाठी १०७७. शेवटचे दोन ठाण्यातून नुसते लावले तर इथल्याच कक्षात लागतात, म्हणून त्या जिल्ह्याच्या एसटीडी कोडसह कागदावर लिहा.